ही माती किती ताव सोसेल?

मराठी समीक्षेत ‘माती’ हा शब्द जितक्या सैल हाताने वापरला जातो तितका क्वचितच दुसरा एखादा वापरला जात असेल. अमुक कवी मातीतला, तमुक कादंबरीला मातीचा वास, आणखी कुणाची मातीशी असलेली नाळ तुटलेली. या सगळ्या वाक्यांत माती एकच असते. ती काळी की तांबडी, तिच्यात चुना किती, पाण्याने ती किती फुगते, वाळताना किती आकसते आणि आगीत कुठवर उभी राहते, हे कोणी विचारत नाही. रूपकाला असले प्रश्न विचारू नयेत, हे मान्य आहे. पण गेली तीन वर्षे माझ्याजवळ एक दोनशे पानी वही आहे आणि तिच्यात या प्रश्नांखेरीज दुसरे काहीही नाही. ‘क्र. ७. तळ्याचा गाळ ८०, नदीची वाळू २०. ओली रेघ १००, वाळल्यावर ९२. बोटाला गुंडाळताना चिरली.’ अशा तिच्यातल्या ओळी आहेत. हा लेख त्या वहीविषयी आहे. समीक्षेकडे तो वाटेत जाईल तेवढाच.

माझे आजोळ सोलापूर जिल्ह्यात, भीमेच्या काठी. तिथल्या कुंभारवाड्यात आता एकाच घरात चाक फिरते. आजोळचे म्हणून ते मामा आणि त्या मामी. उन्हाळ्यात माठ, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला सुगडी आणि मधूनच कुणाच्या तरी अंत्ययात्रेसाठी मडके, असे त्यांच्या वर्षाचे वेळापत्रक आहे. पूर्वी त्याचे बलुते धान्यात येई. आता रोख येते आणि पुरत नाही. त्यांचा धाकटा मुलगा पुण्यातल्या एका स्टुडिओत दीड वर्ष काम करून परतला. तिथे त्याने पिशव्यांतून आलेल्या तयार मातीचे कप आणि बश्या घडवल्या, बाराशे अंशांच्या वरची भट्टी पाहिली, आणि एक कप किती रुपयांना विकला जातो तेही पाहिले. मी स्वतः शहरात सुट्टीच्या दिवशी चाकावर बसते (वर्षानुवर्षे बसूनही माझा कप कपासारखा दिसतो एवढेच म्हणता येईल) आणि या विषयावरची इंग्रजी पुस्तके माझ्या कपाटात आहेत, म्हणून त्याने मला विचारले, “ताई, आपल्या मातीचा चहाचा कप व्हईल का? पिशवीतल्या न्हाई. आपल्या.”

हा प्रश्न त्याच्या दृष्टीने पोटाचा होता. तयार माती शहरातून आणायची, गाडीभाडे भरायचे, पुन्हा भांडी शहरात न्यायची, तर गावात राहून हा उद्योग करण्याला अर्थ नव्हता. मग त्याने पुण्यातच राहिलेले बरे. मामा-मामींचा हा एकच मुलगा गावाकडे परतला होता.

इथे थोडे आचेविषयी सांगायला हवे. कुंभाराच्या आव्यात आग साधारण सातशे ते नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत जाते. पाचशे-सहाशेच्या सुमारास मातीच्या अंगात बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती पाण्यात पुन्हा कालवली जात नाही. पण कणांमधल्या फटी तशाच राहतात. माठाला त्या फटीच हव्या असतात. पाणी त्यांतून पाझरते, बाहेरच्या अंगावर त्याची वाफ होते आणि आतले पाणी गार राहते. चहाच्या कपाला त्याच फटी नडतात. दुधाचा अंश त्यांत शिरतो, आंबतो, आणि कितीही घासला तरी कपाचा वास जात नाही. वरून झिलई द्यावी, तर कमी आचेवर वितळणाऱ्या जुन्या झिलया शिशाच्या, म्हणजे खाण्यापिण्याच्या भांड्याला वर्ज्य. टाकणखारापासून केलेल्या बिनशिशाच्या झिलया मिळतात, पण त्या महाग, आणि सच्छिद्र भांड्यावर त्यांना केसासारखे तडे जातात. तेव्हा मातीचे अंगच इतके भाजावे लागते की तिचा काही भाग वितळून काच व्हावी आणि त्या काचेने फटी भराव्यात. त्यासाठी अकराशेच्या पुढे जायला हवे. स्टोनवेअर ज्याला म्हणतात ते भांडे बाराशे ते तेराशेच्या पट्ट्यात तयार होते. काही भाग वितळायला हवा आणि उरलेल्याने भांड्याचा आकार धरून ठेवायला हवा, इतकी ही साधी मागणी आहे. बहुतेक माती ती पुरी करत नाही.

आमच्या तपासणीची सुरुवात पुस्तकांनी होईल अशी माझी समजूत होती. ती मामींनी केली. चाकाला बाईमाणसाने हात लावायचा नाही, हा त्या घरातला जुना दंडक आहे आणि तो अजून मोडलेला नाही. पण चाकावर चढण्यापूर्वीची सगळी माती मामींच्या हातून जाते. खणून आणलेली ढेकळे फोडणे, भिजवणे, खडे वेचणे, राख आणि घोड्याची लीद मिसळणे, तुडवणे, मळणे, सारे त्यांचे. त्यांनी नव्या गाळाची चिमूट दाताखाली घेतली. कचकच ऐकली. मग वाळलेले ढेकूळ जिभेला लावले आणि म्हणाल्या, “धरतीय. चिकण हाय, पर वाळूबी हाय.” मग ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी वळून ती बोटाभोवती गुंडाळली आणि बाहेरच्या बाजूला चिरा किती पडतात ते उन्हात धरून पाहिले. माझ्या पुस्तकांत मातीच्या चिवटपणाची पहिली परीक्षा म्हणून हीच वळी सांगितलेली आहे. चाकाच्या इतिहासात कुंभाराचे नाव येते. ही तपासणी ज्या करतात त्यांचे नाव कुठल्या इतिहासात येते, हे मला ठाऊक नाही.

पुस्तकांनी त्यात मोजमाप घातले. मातीची चौदा सेंटिमीटर लांब, चार रुंद आणि एक जाड पट्टी करायची, तिच्यावर ओली असतानाच बरोबर शंभर मिलिमीटरची रेघ मारायची, आणि ती रेघ वाळल्यावर व भाजल्यावर पुन्हा मोजायची. तळ्याच्या नुसत्या गाळाची रेघ वाळता वाळताच ८९ झाली. इतक्या आकसणाऱ्या मातीचा कप कानापाशी हमखास तडकतो. दुसरी परीक्षा पाणी पिण्याची: भाजलेली पट्टी कोरडी तोलायची, दोन तास पाण्यात उकळायची, रात्रभर त्याच पाण्यात ठेवायची, पुसून पुन्हा तोलायची. वाढलेले वजन कोरड्या वजनाच्या किती टक्के, ते म्हणजे तिचे शोषण. रोजच्या वापराच्या स्टोनवेअरला ते तीन टक्क्यांच्या आत असलेले बरे. तिसरी परीक्षा वाकण्याची: पट्टी दोन टोकांवर टेकवून मध्ये अधांतरी ठेवायची आणि भट्टीत ती किती झोळते ते पाहायचे. प्रत्येक पट्टीखाली भाजक्या मातीची एक थाळी ठेवायची, कारण माती वितळलीच तर तिने भट्टीची फळी खराब करू नये. या थाळ्यांना पहिल्याच महिन्यात काम मिळाले.

त्याआधी चुन्याचे प्रकरण झाले. रसायनशाळेतून आणलेल्या सौम्य आम्लाचा थेंब टाकताच गाळ ठिकठिकाणी फसफसला. म्हणजे त्यात चुनखडीचे कण होते. ९५० अंशांना भाजलेल्या पट्ट्या अखंड निघाल्या, दिवसभर त्यांच्याकडे पाहून आम्ही खूश होतो, आणि चौथ्या दिवशी त्यांच्यावर टिकल्याएवढे खड्डे पडले. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका होता. चुनखडी भट्टीत भाजली की तिची कळी होते. ती कळी पुढे हवेतली ओल पिऊन फुगते आणि वरचा पापुद्रा उडवून लावते. मामींना यात नवल वाटले नाही. “पावसाळी हवेत मडकं लाह्या फोडतं,” त्या म्हणाल्या. इलाज त्यांनाही ठाऊक होता आणि पुस्तकालाही: माती पातळ कालवून बारीक चाळणीतून गाळायची. आम्ही ऐंशी नंबरच्या चाळणीतून गाळली. बारीक पूड होऊन सगळ्या अंगात पसरलेला चुना असा उपद्रव देत नाही, आणि अधिक आचेवर तो इतरांशी एकजीव होऊन काचच वाढवतो. ते पुढे महागात पडणार होते.

आता मुख्य परीक्षा. गॅसची एक लहान भट्टी मुलाने कर्ज काढून घेतली होती. तिच्यात पट्ट्यांशेजारी शंकू ठेवायचे. हे शंकू हेरमान झेगर या जर्मन रसायनज्ञाने १८८६ मध्ये प्रचारात आणले. मातीसारख्याच खनिजांची ठरावीक मिश्रणे करून घडवलेले बोटाएवढे सुळके, प्रत्येक आपापल्या आचेला मान टाकणारा. विजेचा तापमापक असताना शंकू कशाला, असे मुलाने विचारले होते. तापमापक त्या क्षणी किती ऊन आहे तेवढे सांगतो. माती मात्र ऊन आणि वेळ या दोन्हींनी शिजते, आणि शंकू स्वतःही तसाच शिजत असल्यामुळे किती शिजले हे तोच सांगू शकतो. हरभऱ्याची डाळ शिजली की नाही हे स्वयंपाकघरातले घड्याळ सांगत नाही, दोन बोटांत धरलेला दाणा सांगतो, तसे हे आहे.

वहीतले आकडे असे आहेत. नुसता गाळलेला गाळ: ९५० अंशांना केशरी, शोषण १५ टक्के. १०६० ला विटकरी, ११ टक्के. ११०० ला गडद तपकिरी, ६ टक्के, आणि टकटक केल्यावर घंटेसारखा नाद. तो नाद ऐकून मुलगा म्हणाला, “झालं की!” पण पुढची भट्टी ११४० ची होती. तीत पट्टी काळपट पडली, तिच्या अंगावर फोड आले आणि मध्ये तोडून पाहिली तर आत पावासारखी जाळी होती. १२०० ला थाळीत एक चकचकीत काळे तळे साचले होते. त्याच्यात पट्टी कुठून सुरू होत होती हेही ओळखू येत नव्हते.

इथे अडचण नीट समजून घ्यायला हवी. माती वितळते याहून मोठी अडचण ती फार झपाट्याने वितळते ही आहे. ११०० ला ती पुरती पिकलेली नाही आणि ११४० ला नासलेली आहे. मधल्या तीसचाळीस अंशांत कुठेतरी तिची योग्य वेळ आहे, आणि लहान भट्टीच्या वरच्या व खालच्या फळीतच वीसेक अंशांचा फरक पडतो. म्हणजे वरचे कप नासतील तेव्हा खालचे कच्चे असतील. चुना आणि लोह भरपूर असलेल्या मातीचा हा स्वभावच असतो.

आणि आमच्या मातीत ती दोन्ही असणारच. दख्खनचे पठार म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. त्याचा बेसॉल्ट झिजून ही काळी माती झाली, तिच्यात लोह आले, चुना आला, मॅग्नेशिया आला, आणि पाणी पिऊन फुगणारे, उन्हात भेगाळणारे ते विशिष्ट चिकण आले ज्यामुळे उन्हाळ्यात आमच्या रानांत पाऊल अडकेल एवढ्या फटी पडतात. बेसॉल्टचा लाव्हा भूगर्भातून अकराशे ते बाराशे अंशांच्या ऊनपणाने बाहेर येतो. त्याच्या या नातीने त्याच सुमाराला पुन्हा वितळून वाहू लागावे, यात तिचा दोष काढण्यासारखे काही नाही. वहीत त्या दिवशी मी आकड्यांखेरीज एक ओळ लिहिली आहे: ‘हिला वितळणे आठवते.’ नंतर ती खोडली. असल्या ओळींसाठी ती वही नाही.

मातीत फेरफार करण्याचे दोन मार्ग असतात, हे आम्हाला हळूहळू कळले. एक, तिच्यात दुसरे काही मिसळणे. दुसरा, तिला वागवण्याची रीत बदलणे. मामांचा कल अर्थातच दुसऱ्याकडे होता. फोड येण्याचे एक कारण गाळातला पालापाचोळ्याचा अंश असते. तो जळून बाहेर पडण्याआधीच अंग काचेने बंद झाले तर आत कोंडलेला वायू फुगे धरतो. म्हणून सातशे ते नऊशे अंशांमधली चाल आम्ही अगदी संथ केली, भरपूर हवा दिली. धुराडे आवळून धुरकट आच दिली तर लोह अधिकच जोराने वितळवू लागते, तेही एका भट्टीत दिसले होते. ते टाळले. वाळताना होणारे आकसणे कमी करण्यासाठी भाजलेल्या खापराचा चुरा घालतात. कुंभाराच्या घरामागे फुटक्या मडक्यांचा ढीग असतोच. इथला तर मामांच्या आजोबांपासूनचा. मामींनी तो उखळात कुटला आणि आम्ही गाळात वीस टक्के घातला. रेघ ८९ वरून ९२ वर आली. नव्या कपात तीन पिढ्यांची फुटकी मडकी गेली, असे म्हणायचा मोह होतो, पण खरी गोष्ट एवढीच की खापर फुकट होते. या सगळ्यानंतर नुसत्या गावच्या मातीची पट्टी ११२० ला फोडांशिवाय उभी राहिली. शोषण ४ टक्के. बाहेरून एक चिमूटही न आणता एवढा पल्ला गाठला गेला, याचा मामांना अभिमान वाटला आणि तो रास्त होता.

मुलाला ते पुरेसे नव्हते. शहरातल्या ज्या दुकानाशी त्याचे बोलणे चालले होते त्यांना यंत्रात धुता येणारे, पाणी न पिणारे कप हवे होते, आणि दर भट्टीत चार-सहा कप वाकडे निघाले तर त्याचा हिशोब जुळत नव्हता. त्याला आचेचा रुंद पट्टा हवा होता. म्हणून मिसळण्याचा मार्ग. उपाय उघड होता: न वितळणारी माती घालणे. कोकणात, सिंधुदुर्गात, चिनी माती निघते, आणि कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू प्रसिद्ध आहे. चंद्रपूरकडे कोळशाच्या थरांच्या संगतीने उच्च आच सोसणारी अग्निमाती मिळते. तिथल्याच भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी १९५५ मध्ये ग्रामोदय संघ काढून कुंभारकामाचे मोठे काम उभे केले होते. आम्ही अग्निमाती मागवली आणि ओळीने मिश्रणे केली: गावची ९०, अग्निमाती १०; मग ८०-२०; असे शेवटपर्यंत. प्रत्येक पट्टीवर खिळ्याने क्रमांक. सगळ्या १२०० अंशांना. सत्तर-तीसला फोड, साठ-चाळीसला थोडे, पन्नास-पन्नास फोडांशिवाय पण किंचित झोळलेली. पस्तीस-पासष्टची पट्टी सरळ निघाली. रंग भाजलेल्या कॉफीच्या बीसारखा, शोषण २ टक्के. पुढे १२२० ला आणि ११८० लाही तीच गत. आच चाळीस अंशांनी इकडेतिकडे झाली तरी तिचे काही बिघडत नव्हते.

भट्टी उघडली तेव्हा मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होता. मामांनी पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारले, “ह्यात आपली किती?”

“पस्तीस टक्के.”

“मंग हे आपलं कसं?”

पुढच्या आठवड्यात मला देशीवादावरचा तास घ्यायचा होता. इतकी वर्षे घेतलेल्या त्या तासात हा प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत कोणी विचारलेला नव्हता. किती टक्क्यांपर्यंत आपले? संत गोरा कुंभाराची कथा सगळ्यांना ठाऊक आहे: मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका थापटणे घेऊन संतमंडळींची डोकी थापटून पाहतात आणि नामदेवाचे मडके कच्चे ठरते. त्या कथेत कच्चे आणि पक्के एवढाच भेद आहे. मडके कुठल्या मातीचे, हे तेरच्या त्या कुंभाराने विचारले नाही. याच तेरच्या उत्खननात सातवाहनकालीन मृण्मूर्तींबरोबर पांढऱ्या केओलिनच्या मूर्तीही सापडलेल्या आहेत. म्हणजे काळ्या मातीच्या मुलखातही गोऱ्या मातीचे काम होत होते. मामांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र यातून मिळत नाही, आणि मी ते त्यांना देऊ पाहिलेही नाही.

उत्तराच्या जवळ जाणारी गोष्ट वहीतच होती. तुलनेसाठी मी नुसत्या अग्निमातीचीही पट्टी ठेवली होती. १२०० ला तिचे शोषण ९ टक्के. न वाकणारी, न वितळणारी, आणि कपाच्या दृष्टीने निरुपयोगी, कारण तिच्यात काच धरत नाही. स्टुडिओतले लोक अशा मातीत फेल्डस्पार विकत घेऊन घालतात, वितळवण्यासाठी. आमच्या मिश्रणात फेल्डस्पार नव्हता. ९ टक्क्यांचे २ करण्याचे काम गावच्या मातीने केले होते, तिच्यातल्या त्याच लोहाने आणि चुन्याने, ज्यांनी तिला एकटीला थाळीत लोळवले होते. पस्तीस टक्के ही नावापुरती चिमूट नव्हती. ती काढून घेतली तर कप गळतो. साहित्यात आपण देशीपण मोजतो तेव्हा बहुधा प्रमाण मोजतो: बोलीचे शब्द किती, गावाचे तपशील किती. एखाद्या कृतीतला तो देशी अंश काढून घेतला तर ती गळेल की तशीच उभी राहील, ही परीक्षा मला अधिक कामाची वाटते. ती पट्ट्यांवर करता येते तितक्या सोयीने कादंबऱ्यांवर करता येत नाही, हे खरेच.

मायकेल कार्डयू या इंग्रज कुंभाराचे ‘पायोनियर पॉटरी’ (१९६९) हे पुस्तक या तीन वर्षांत माझ्या हातात सतत होते. दगड आणि माती यांच्यापासून सुरुवात करून झिलईपर्यंत जाणारे असे पुस्तक दुसरे मी वाचलेले नाही. त्यामागे पश्चिम आफ्रिकेतली वर्षे आहेत. १९४२ मध्ये तो गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानातल्या, आचिमोटा कॉलेजात गेला. तिथला मोठा उद्योग १९४५ मध्ये बंद पडला. मग व्होल्टा नदीकाठच्या व्हुमे गावात त्याने स्थानिक मातीवर स्टोनवेअरचा हट्ट धरून तीन वर्षे काढली. यश थोडे, नुकसान फार, आणि शेवटी १९४८ मध्ये आजारी होऊन तो परतला. १९५१ नंतर नायजेरियातल्या अबुजाला (आताच्या सुलेजाला) त्याला जे साधले त्यात लादी क्वाली या कुंभारणीचा वाटा मोठा आहे. ती १९५४ मध्ये त्या केंद्रात आली. हाताने घडवलेल्या, कोरीव नक्षीच्या तिच्या घागरी जाळावर भाजल्या जात. त्या आता झिलई घेऊन उच्च आचेच्या भट्टीतून निघू लागल्या आणि जगभर गेल्या. नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवर तिचे चित्र आहे. पण झिलईच्या स्टोनवेअर घागरीत पाणी गार होत नाही. ती पाहण्याची वस्तू होते. कार्डयूविषयी मला आदर आहे, तरी बाराशेच्या वर गेल्याशिवाय भांडे खरे नव्हे ही त्याच्या घराण्याची श्रद्धा मला पटत नाही. त्याचे गुरू बर्नार्ड लीच यांच्या १९४० च्या पुस्तकापासून ही श्रद्धा जगभर पसरली आणि पुढे आपल्याकडच्या स्टुडिओंतही रुजली. आच ही गरजेपुरती असावी. माठासाठी नऊशे पुरे असताना त्याहून अधिक देणे म्हणजे माठ बिघडवणे.

मामांनीही तेच वेगळ्या शब्दांत सांगितले आणि त्यातून घरात दोन कामे सुरू झाली. ११२० ची, शंभर टक्के गावच्या मातीची भांडी: दह्याची बोळकी, झाडांच्या कुंड्या, तवे. आणि १२०० ची, मिश्रणाची: कप. या कपांना झिलई कोणती द्यायची, हा प्रश्न उरला होता, आणि तो त्या थाळीतल्या काळ्या तळ्याने सोडवला. जी माती १२०० ला स्वतः उभी राहत नाही ती दुसऱ्याच्या अंगावर पातळ थर म्हणून दिली तर काय होईल? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीची माती कुंभार अशीच पिढ्यानपिढ्या झिलई म्हणून वापरत. आमचा गाळ ओला लावला की वाळताना आकसून पापुद्रे धरून पडे. म्हणून निम्मा गाळ आधी भाजून, दळून घेतला. त्यात बाभळीची राख पंधरा टक्के घातली. १२२० ला कप निघाले ते काकवीच्या रंगाचे, तुकतुकीत, आणि काठावर जिथे थर पातळ होता तिथे गंजासारखे तांबूस. मामांनी एक कप पुढेमागे फिरवला आणि त्यात चहा मागितला. पिऊन झाल्यावर प्रश्न पुन्हा विचारला नाही. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पण तो कप त्यांनी परत दिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढला. राज्य सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे. गाळ शेतांत जातो, तळ्यात पाणी वाढते, आणि दोन्ही गोष्टी गावाच्या हिताच्याच आहेत. फक्त मामांची खणायची जागा यंत्राने चार हात खाली नेली. वरचा काळा, तेलकट थर आता कुणाकुणाच्या उसात पसरलेला आहे. खालून निघालेली माती पिवळसर आहे. आम्ल टाकले तर आधीच्यापेक्षा जोराने फसफसते. पस्तीस-पासष्ट हे प्रमाण तिला लागू पडेल असे धरून चालता येत नाही. ते प्रमाण त्या गाळाचे होते. मुलाने कपांची मागणी दोन महिने पुढे ढकलून घेतली आहे.

मामींनी नव्या मातीची चिमूट दाताखाली धरली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग थुंकून म्हणाल्या, “भुरकी हाय. पर धरतीय.” क्र. ११४ ते १२३ अशा दहा पट्ट्या मागच्या पडवीत वाळायला ठेवल्या आहेत. ऊन कडक आहे, एकदम वाळून चिरू नयेत म्हणून त्यांच्यावर ओले फडके टाकले आहे. रेघा रविवारी मोजायच्या.